इंग्रजी परीक्षेतला 'सूर जुळवा' प्रश्न: हवा की नको?

रानजाई: मुलगी न्यू जर्सीत अकरावीला आहे, एसीटीची (अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशासाठीची परीक्षा) तयारी चाललीय. काल सरावात ती एका प्रश्नावर अडली. उतारा एका संशोधक बाईंवर, भाषा संयत. त्यात मध्येच अधोरेखित शब्द: प्रयोगाचे निष्कर्ष 'ब्लू हर माइंड'. पर्याय चार: 'नो चेंज' (आहे तेच ठेवा), 'सरप्राइज्ड हर', 'नॉक्ड हर सॉक्स ऑफ' आणि 'रेंडर्ड हर अटर्ली अस्टाउंडेड'. अर्थ चारहींचा ती थक्क झाली असाच, व्याकरणातही चारही बसतात. लेकीने शेवटचा निवडला, भारदस्त वाटला म्हणून. उत्तर होतं 'सरप्राइज्ड हर'.

ती चिडली, पण मला हा प्रश्न अख्ख्या पेपरात सगळ्यात मोलाचा वाटतो. शोकसभेत कुणी 'अण्णा गचकले' म्हणालं तर व्याकरण कुठे चुकतं? आणि 'आईने चहा प्राशन केला' हेही तितकंच खटकतं. हे कानाला कळणं म्हणजेच भाषा येणं. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा: सपशेल असहमत. मी पुण्यात एसएटी शिकवतो, एसीटीसारखीच दुसरी प्रवेश परीक्षा. जुन्या एसएटीच्या लेखन विभागात 35 मिनिटांत 44 प्रश्न असत, त्यात हे सूर-शैलीचेही. 2023 मध्ये भारतात डिजिटल एसएटी आली आणि तो प्रकार गेला. वाक्यं जोडणारे शब्द निवडणं आणि टिपणांवरून वाक्य रचणं राहिलं. बरं झालं. स्वल्पविरामाला नियम आहे, तो मी लातूरहून आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलालाही शिकवू शकतो. 'नॉक्ड हर सॉक्स ऑफ' ज्याने जन्मात ऐकलं नाही त्याला तिथे मोजेच दिसणार. ज्याच्या घरात इंग्रजी बोलतात त्याला हे गुण आयते मिळतात.

रानजाई: मोज्यांचा अर्थ नाही कळला तरी चालतं हो. आधीची तीन वाक्यं वाचली की लेखक कसा बोलतोय ते कळतं, उत्तर तिथेच असतं. आणि लातूरचा मुलगा आजीशी एक बोली बोलतो, गुरुजींशी दुसरी. सूर बदलणं त्याला माझ्या लेकीपेक्षा जास्त येतं. ते इंग्रजीतही करायचं असतं, एवढं कुणीतरी सांगायला हवं.

घड्याळकाटा: सांगायला वेळ कुठे आहे? एसीटीच्या इंग्रजीत आधी 45 मिनिटांत 75 प्रश्न होते, 2025 पासून नव्या रूपात 35 मिनिटांत 50. म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद होते, आता 42. एवढ्यात सूर कोण ऐकतो? माझ्या मुलाला क्लासमध्ये सरळ सांगितलंय: सर्वांत साधा, आखूड पर्याय टिक कर. बहुतेक वेळा बरोबर येतं. मग कान तपासला कुठे?

रानजाई: ही युक्ती नेमकी आठवणींच्या उताऱ्यात फसते. 'मी' म्हणून लिहिलेलं, आजीच्या स्वयंपाकघरातलं, गप्पांच्या ओघातलं काही असेल तर तिथे घरगुती शब्दच शोभतो, मग तो चार अक्षरांनी लांब का असेना. साधा पण कोरडा पर्याय तिथे चूक. क्लासवाले हे सांगत नसतील तर तो प्रश्नाचा दोष नाही.

घड्याळकाटा: हे मुलाला सांगतो. त्याचे दोन प्रश्न असेच गेले होते.

खडूफळा: आठवणींच्या उताऱ्याचा मुद्दा मान्य. आणि बोली बदलणाऱ्या मुलाचं तुम्ही म्हणता ते मी वर्गात रोज पाहतो, पण त्याचा असा उपयोग कधी केला नाही. उद्याच्या बॅचला 'वारले' आणि 'गचकले' फळ्यावर लिहूनच सुरुवात करतो. तरी शिकवणं वेगळं आणि त्यावर कॉलेजचा प्रवेश ठरवणं वेगळं. ज्या मुलाला हे सांगणारं कुणीच भेटलं नाही, त्याचे गुण का कापायचे, याचं उत्तर तुमच्याकडून अजून आलेलं नाही.