कंट्रोल-सी दाबून स्क्रिप्ट थांबवली की टर्मिनलवर अक्षरे उमटेनाशी होतात

प्रश्न

नमस्कार. लिनक्सवर वापरण्यासाठी मी बॅश या शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. ती सुरुवातीलाच पासवर्ड विचारते. लिहिलेला पासवर्ड पडद्यावर दिसू नये म्हणून ती आधी ‘एसटीटीवाय -इको’ ही टर्मिनलचे सेटिंग बदलणारी कमांड देते आणि पासवर्ड वाचून झाला की ‘एसटीटीवाय इको’ देऊन सगळे पूर्ववत करते. पहिले काही आठवडे ही स्क्रिप्ट विनातक्रार चालली. पासवर्ड देण्याच्या टप्प्यावर मी कधी विचार बदलून कंट्रोल-सी दाबले, तरी प्रॉम्प्ट परत येत असे आणि पुढे लिहिलेली अक्षरे नेहमीसारखी दिसत असत.

मध्यंतरी माझ्या लक्षात आले की अशा प्रकारे स्क्रिप्ट थांबवल्यास तिने तयार केलेली तात्पुरती फाइल मागे राहते. म्हणून मी ‘ट्रॅप’ची एक ओळ घातली: इंटरप्ट सिग्नल आला की ती फाइल पुसायची आणि ‘एक्झिट १’ करून बाहेर पडायचे. तेव्हापासून कंट्रोल-सी दाबल्यावर प्रॉम्प्ट येतो, पण मी लिहिलेले एकही अक्षर दिसत नाही. ‘एलएस’ लिहून एंटर दाबले तर फाइलींची यादी व्यवस्थित छापली जाते. म्हणजे शेल ऐकतो आहे, फक्त मी काय लिहितो ते मला दिसत नाही. खिडकी बंद करून नवी उघडली की त्रास संपतो. फाइल पुसण्यासाठी घातलेल्या ओळीचा अक्षरे दिसण्या-न दिसण्याशी काय संबंध असावा, हे मला काही केल्या उलगडत नाही.

दुसरी अडचणही इथेच मांडतो. याच स्क्रिप्टला पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या कमांडच्या आउटपुटमधून, नावांची यादी दिली, तर एसटीटीवाय ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयोक्टल फॉर डिव्हाइस’ असा संदेश देते आणि पासवर्ड विचारण्याऐवजी यादीतले पहिले नावच पासवर्ड म्हणून वाचले जाते. दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे का?

उत्तर १

आपण केलेले निरीक्षण अचूक आहे, आणि उत्तर त्यातच दडलेले आहे. ट्रॅपने काही बिघडवलेले नाही. आजवर कोणीतरी गुपचूप निस्तरत असलेली चूक त्या ओळीमुळे उघडी पडली, एवढेच.

स्क्रिप्टमध्ये ‘सीडी’ने बदललेली डिरेक्टरी किंवा ठरवलेला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हा त्या प्रक्रियेपुरता असतो आणि प्रक्रिया संपली की तोही संपतो. टर्मिनलची सेटिंग्ज तशी नसतात. इको चालू की बंद, बॅकस्पेसचे अक्षर कोणते, ओळ पूर्ण झाल्यावरच वाचायची की एकेक अक्षर लगेच द्यायचे, कंट्रोल-सीचा सिग्नल करायचा की नाही, या सगळ्याची नोंद कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, त्या टर्मिनल उपकरणापाशी, ‘टर्मिऑस’ नावाच्या रचनेत ठेवलेली असते. त्या टर्मिनलवर चालणारे सगळे प्रोग्राम त्याच एका नोंदीचे वाटेकरी असतात. एसटीटीवाय ती नोंद बदलते आणि स्वतः क्षणात संपून जाते. बदल मात्र दुसरे कोणी नोंद बदलेपर्यंत तसाच राहतो. त्यामुळे आपली स्क्रिप्ट मध्येच संपली, तर ‘इको बंद’ ही नोंद मागे राहणे हाच खरा नियम आहे.

मग पहिले काही आठवडे सगळे सुरळीत कसे चालले? ती बॅशची कृपा होती. संवादी बॅश पुढ्यातला प्रोग्राम संपल्यावर तो कसा संपला ते पाहतो. प्रोग्राम सिग्नलमुळे मेला असेल, तर त्याला आवराआवर करायला वेळ मिळाला नसणार असे धरून बॅश टर्मिनलची आधीची सेटिंग्ज स्वतःच परत बसवतो. प्रोग्राम आपणहून एक्झिट झाला असेल, तर त्याने केलेले बदल जाणूनबुजून केले आहेत असे मानून तो ते तसेच राहू देतो. असे केले नसते तर प्रॉम्प्टवर स्वतः दिलेली एसटीटीवाय कमांडही निरुपयोगी ठरली असती. ट्रॅप नव्हता तेव्हा कंट्रोल-सीने आपली स्क्रिप्ट सिग्नलमुळे मरत होती आणि बॅश आवरून घेत होता. आता ट्रॅप सिग्नल अडवतो, फाइल पुसतो आणि ‘एक्झिट १’ने स्क्रिप्ट रीतसर बाहेर पडते. एक्झिटचा आकडा १ ऐवजी १३०, म्हणजे कंट्रोल-सीने थांबल्याचा रूढ आकडा, दिला तरी फरक पडणार नाही, कारण बॅश इथे आकडा पाहत नाही. प्रक्रिया खरोखर सिग्नलने मेली का, हे तो कर्नलकडून आलेल्या स्थितीवरून ठरवतो.

पडताळून पाहायचे असल्यास ट्रॅप काढून टाका आणि तीच स्क्रिप्ट बॅशऐवजी डॅश या दुसऱ्या शेलच्या प्रॉम्प्टवरून चालवा. डॅश ही काळजी घेत नाही, त्यामुळे तिथे जुन्या स्क्रिप्टनेही अक्षरे दिसेनाशी होतील.

उत्तर २

वरील स्पष्टीकरण मला पूर्णपणे पटते. दुरुस्ती करताना एका गोष्टीचा आग्रह धरावा असे वाटते: शेवटी ‘एसटीटीवाय इको’ देऊ नका. आपण आल्यावर इको चालूच होता असे त्यात गृहीत धरलेले आहे. काही संपादकांच्या आत चालणाऱ्या शेलमध्ये इको मुद्दाम बंद ठेवलेला असतो. तिथे आपली स्क्रिप्ट तो चालू करून गेली, तर प्रत्येक ओळ दोनदा दिसू लागेल. जी स्थिती होती तीच परत द्यावी, आणि त्यासाठी एसटीटीवायचा ‘-जी’ हा पर्याय आहे. तो सर्व सेटिंग्ज एका सलग मजकुरात छापतो, आणि तोच मजकूर पुन्हा एसटीटीवायला दिला की सगळे जसेच्या तसे होते. तो मजकूर माणसाने वाचण्यासाठी नसतो, आणि एका प्रणालीवरचा मजकूर दुसऱ्या प्रणालीवर चालेल याची हमीही नसते. म्हणून तो फाइलमध्ये साठवून इकडून तिकडे नेऊ नये.

कमांडचा क्रम असा ठेवावा:

जुनी=$(एसटीटीवाय -जी)
ट्रॅप 'एसटीटीवाय "$जुनी"; आरएम -एफ "$फाइल"' एक्झिट
ट्रॅप 'एक्झिट १३०' इंट
एसटीटीवाय -इको इकोएनएल

आधी नोंद घेतली, मग ट्रॅप लावला आणि सर्वात शेवटी बदल केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. बदल आधी करून ट्रॅप नंतर लावला, तर मधल्या क्षणी आलेला सिग्नल निसटतो. इंटरप्टचा ट्रॅप वेगळा लिहिण्याचे कारण असे की सिग्नलने मृत्यू आल्यास डॅशसारखे शेल ‘एक्झिट’वरचा ट्रॅप चालवत नाहीत, सिग्नल अडवून स्वतः एक्झिट केले की तो ट्रॅप सर्वत्र चालतो. ‘टर्म’ आणि ‘हप’ या सिग्नलांसाठीही अशीच एकेक ओळ घालावी.

ही स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टमधून बोलावली जाणार असेल, तर आणखी काटेकोर व्हावे लागते. अशा वेळी इंटरप्टच्या ट्रॅपमध्ये आवराआवर करून, ‘ट्रॅप - इंट’ने तो ट्रॅप काढून, ‘किल -इंट $$’ने स्वतःलाच सिग्नल पाठवावा. मग बोलावणाऱ्या शेलला आपण खरोखर कंट्रोल-सीने थांबलो हे कळते आणि तोही थांबतो. केवळ १३० हा आकडा मिळाल्यास तो पुढची कमांड चालवत राहू शकतो.

चौथ्या ओळीतल्या ‘इकोएनएल’चा उपयोग पुष्कळांना ठाऊक नसतो. इको बंद असताना एंटरही पडद्यावर उमटत नाही, त्यामुळे पुढचा संदेश पासवर्डच्या प्रश्नाला चिकटून छापला जातो. इकोएनएलमुळे बाकी अक्षरे लपतात आणि नवी ओळ तेवढी दिसते.

स्क्रिप्ट केवळ बॅशमध्येच चालणार असेल, तर ‘रीड -एस’ पुरेसे आहे. इको बंद करणे आणि परत चालू करणे ते स्वतः पाहते. डॅशमध्ये हा पर्याय नाही, म्हणून एसटीटीवायची रीत माहीत असलेली बरी.

उत्तर ३

दुसऱ्या अडचणीविषयी लिहितो. तिचे मूळ वेगळे आहे. एसटीटीवाय कोणत्या टर्मिनलची सेटिंग्ज बदलायची हे आपल्या स्टँडर्ड इनपुटवरून ठरवते. पाइपमधून यादी दिली की स्क्रिप्टचे आणि तिच्यातल्या प्रत्येक कमांडचे स्टँडर्ड इनपुट म्हणजे तो पाइप असतो, आणि पाइपला ना इको असतो ना बॅकस्पेस. टर्मिनलसाठीची विनंती भलत्याच गोष्टीला केली असे कर्नल कळवतो. या त्रुटीचे सांकेतिक नाव ‘ई-नॉट-टीटीवाय’ आहे आणि जुन्या युनिक्सवर तिचा संदेश ‘नॉट अ टाइपरायटर’ असा छापला जात असे. टीटीवाय हे नाव टेलिटाइपवरून आले आहे हे लक्षात घेतले, तर तो जुना संदेश आजच्या संदेशापेक्षा अधिक बोलका वाटतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रक्रियेला तिचे नियंत्रक टर्मिनल ‘/डेव्ह/टीटीवाय’ या नावाने मिळते, मग स्टँडर्ड इनपुट कुठेही वळवलेले असो. म्हणून ‘एसटीटीवाय -इको < /डेव्ह/टीटीवाय’ असे लिहावे आणि पासवर्ड वाचणाऱ्या ‘रीड’लाही तेच इनपुट द्यावे, यादी पाइपमधून येत राहील आणि पासवर्ड कीबोर्डवरून. ‘-जी’ने नोंद घेताना आणि ती परत देतानाही हेच इनपुट द्यायला विसरू नये. उपकरणाचे नाव पर्यायातूनही देता येते, पण तो पर्याय लिनक्सवर मोठ्या लिपीतला एफ आहे, तर मॅकओएस आणि बीएसडीवर छोट्या लिपीतला. इनपुट वळवण्याची रीत सगळीकडे सारखीच चालते, म्हणून मी तीच पसंत करतो.

ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनसारख्या ठिकाणाहून स्क्रिप्ट चालली, तर तिला नियंत्रक टर्मिनलच नसते आणि /डेव्ह/टीटीवाय उघडणेच फसते. तिथे पासवर्ड विचारायला कोणी समोर नसते, तेव्हा स्क्रिप्टने स्पष्ट संदेश देऊन थांबावे.

याच कारणाने बॅशच्या आरंभीच्या फाइलमध्ये एसटीटीवायची ओळ घालतानाही सावध असावे. कंट्रोल-एस चुकून दाबले गेल्यामुळे पडदा गोठू नये म्हणून पुष्कळ जण तिथे ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ लिहितात. ती फाइल टर्मिनलशिवायही वाचली जाऊ शकते, म्हणून त्या ओळीच्या आधी ‘[ -टी ० ] &&’ ही अट लावावी, म्हणजे स्टँडर्ड इनपुट टर्मिनल असेल तरच ती ओळ चालेल.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ट्रॅप काढून डॅशमध्ये चालवून पाहिले आणि उत्तर १ मध्ये म्हटले तसेच घडले. नोंद घेऊन परत देण्याची रीत आणि /डेव्ह/टीटीवाय असे दोन्ही बदल केले आहेत. आता कंट्रोल-सी कुठेही दाबले तरी अक्षरे दिसतात आणि यादीही पाइपमधून नीट वाचली जाते.

एक शंका उरते. डॅशच्या प्रॉम्प्टवरच प्रयोग करताना मी एकदा ‘एसटीटीवाय रॉ’ देऊन पाहिले. त्यानंतर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखालून सुरू होऊन जिन्यासारखी उतरू लागली, आणि एंटर दाबले की टोपीचे चिन्ह व त्यापुढे एम एवढेच उमटले. कंट्रोल-सीही चालले नाही. अशा वेळी खिडकी बंद करण्यावाचून उपाय आहे का?

उत्तर १

उपाय आहे, आणि तो आंधळेपणाने टाइप करता यावा इतका पाठ करून ठेवावा. एंटरची कळ कॅरेज रिटर्न, म्हणजे आस्की १३, पाठवते. शेलला ओळ संपल्याची खूण म्हणून लाइनफीड, म्हणजे आस्की १०, हवे असते. हे रूपांतर ‘आयसीआरएनएल’ नावाचे सेटिंग करते आणि ‘रॉ’ने ते बंद झाले. कंट्रोल-जे मात्र थेट १० हाच आकडा पाठवते, त्याला रूपांतराची गरज नाही. म्हणून कंट्रोल-जे दाबावे, ‘एसटीटीवाय सेन’ लिहावे आणि पुन्हा कंट्रोल-जे दाबावे. पहिले कंट्रोल-जे आधी लिहिलेला अर्धवट मजकूर निकालात काढण्यासाठी असते.

जिना दिसतो तो ‘ओपोस्ट’ बंद झाल्यामुळे. प्रोग्राम ओळीच्या शेवटी फक्त लाइनफीड छापतात आणि कर्सर डाव्या कडेला नेणारे कॅरेज रिटर्न एरवी कर्नल जोडून देतो. ते जोडणे थांबले की कर्सर खाली उतरतो, पण मागे जात नाही. कंट्रोल-सी चालले नाही, कारण ‘आयसिग’ही बंद होते, ते अक्षर सिग्नल न बनता साध्या अक्षरासारखे शेलकडे गेले.

‘सेन’ची मर्यादाही ठाऊक असू द्या. ते नेहमीची मूल्ये बसवते, आपली नव्हे. आपण मिटवण्याची कळ बदललेली असेल, तर ती पुन्हा मूळ मूल्यावर जाते. शिवाय ते कर्नलमधली नोंद तेवढी सुधारते. एखादी बायनरी फाइल पडद्यावर ओतल्यामुळे अक्षरांच्या जागी रेषा आणि चौकोन दिसू लागले असतील, तर तो बिघाड टर्मिनल प्रोग्रामच्या स्वतःच्या स्थितीत झालेला असतो, आणि तिथे ‘रीसेट’ ही कमांड लागते. ती सेटिंग्जही सुधारते आणि टर्मिनलला पूर्वस्थितीवर आणणारे संकेतही पाठवते.

टर्मिनल काहीच ऐकत नसेल, तरी दुसऱ्या खिडकीतून ते सुधारता येते. बिघडण्याआधी त्या खिडकीत ‘टीटीवाय’ ही कमांड देऊन तिचे नाव पाहून ठेवले असेल, समजा /डेव्ह/पीटीएस/३, तर दुसरीकडून ‘एसटीटीवाय सेन < /डेव्ह/पीटीएस/३’ असे द्यावे. नाव पाहून ठेवले नसेल, तर ‘पीएस’च्या यादीत त्या शेलसमोर ते सापडते.