ऑनलाइन परीक्षा: कॅमेरा सक्तीचा करावा का?

ऐरोलीकर मास्तर:
पदवीच्या वर्गांना शिकवतो, म्हणून ठामपणे लिहितोय. घरून परीक्षा घ्यायची तर ओळखपत्र, चेहऱ्याची पडताळणी आणि शेवटपर्यंत कॅमेरा सुरू, हे हवंच. कोरोनाकाळात एकाने सोडवायचं आणि ग्रुपवरच्या बाकीच्यांनी टिक करायचं, असं सर्रास चाललं. जो रात्र रात्र जागून अभ्यास करतो त्याच्या पदवीचं काय?

दिव्याची सई:
सर, आमची एकच खोली आहे. पेपरआधी लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवायच्या. ओट्याशी आई, खाटेवर आजोबा, दोरीवर कपडे, सगळं रेकॉर्ड होतं. बाबा माठातलं पाणी घ्यायला उठले की लगेच ‘दुसरी व्यक्ती आढळली’! अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या खटल्यात २०२२ साली कोर्टाने अशी खोलीची झडती घटनाबाह्य ठरवली. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्क मानलंय.

कोपरखैरणे सेक्टर १९:
शिवाय कॅमेऱ्याला फक्त चेहरा कळतो. घरी लिहिलेली असाइनमेंट कोणाची, ते त्याला काय कळणार?

ऐरोलीकर मास्तर:
त्यासाठी एआयने लिहिलेला मजकूर पकडणारी सॉफ्टवेअर आहेत की.

कोपरखैरणे सेक्टर १९:
त्यांच्यावर कोणाचं वर्ष वाया घालवू नका. खुद्द चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने आपलं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध, माणसांनीच लिहिलेले, पण निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरले. शब्दसंपत्ती मर्यादित, वाक्यं साधी, म्हणून! मराठी माध्यमातून आलेली आपली मुलं असंच इंग्रजी लिहितात. त्यापेक्षा समोर बसवून विचारा: हा मुद्दा का घेतलास, हे उदाहरण कुठून आणलंस? ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना, सांगतो.

ऐरोलीकर मास्तर:
१२० मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे वीस तास. पेपर तपासणी सांभाळून ते कुठून काढू? आणि घाबरणारी, बुजरी मुलं तोंडीत गप्प बसतात, ती मी रोज बघतो. खोली फिरवून दाखवायची अट काढा, मान्य. पण डमी बसवणाऱ्याला मोकळं रान देणार नाही.

दिव्याची सई:
ओळखपत्र दाखवायला आमची ना नाहीच, सर. पण मग शेवटचा पेपर सरळ केंद्रावर घ्या. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सची परीक्षा केंद्रावरच होते ना? दिव्याहून लोकलला लोंबकळत येऊ, पण घरात कॅमेरा नको.