सोसायटी ग्रुप, खारघर : १८ महिन्यांची तपासणी

स्नेहल (ए-५०३): काल ईशानला १८ महिन्यांच्या बूस्टरला नेलं होतं. वजन, सुई, बिल. ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) तपासणीचं विचारलं तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. संताप आलाय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी १८ आणि २४ महिन्यांना हे विचाराच. इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचीच शिफारस आहे.

कुलकर्णी काका (बी-१०२): आमचा मंदार तीन वर्षांचा होईतो बोलला नाही. आज बंगळुरूला टीम लीड आहे. उगाच घाबरवू नये.

वैशाली (ए-२०१): काका, नुसत्या बोलण्याचा प्रश्न नाही. हाक मारल्यावर वळतो का, बोट दाखवून "ते बघ" करतो का, आपण बघतो तिकडे बघतो का, हे विचारतात. एम-चॅट म्हणून २० प्रश्नांची यादी आहे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. उत्तरं आईवडिलांनीच द्यायची. पाच-दहा मिनिटांचं काम.

नीलेश (सी-३०४): टँकर आला का?

सेक्रेटरी: नीलेश, पाण्याचं पाण्याच्या ग्रुपवर.

नीलेश: तिथे तुम्ही उत्तर देत नाही 😄

शिंदे काकू (बी-६०२): *फॉरवर्ड केलेला मेसेज* एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस देण्याआधी हे वाचा!!

वैशाली: काकू, प्लीज डिलीट करा. या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो पेपर १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, २०१० मध्ये लॅन्सेटनेच मागे घेतला. लसीने ऑटिझम होत नाही.

शिंदे काकू: मी फक्त पुढे पाठवला गं. तुला डॉक्टर झाल्यासारखं वाटतं हल्ली.

नीलेश: पण २०१६ मध्ये अमेरिकेच्याच एका तज्ज्ञ समितीने सरसकट तपासणीला पुरावा अपुरा आहे म्हटलं होतं ना?

वैशाली: हो. ते ज्यांच्या आईवडिलांना काहीच शंका नाही अशा मुलांबद्दल होतं. करू नका असंही म्हटलं नव्हतं. आणि स्नेहलला शंका आहे.

स्नेहल: परत टाकते. १८ आणि २४ महिने. विचारा.

कुलकर्णी काका: वाचलं आम्ही. एकदा शिक्का बसला की पुसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

प्राची (ए-७०१): काका, आदर ठेवून बोलते. गणपतीत ढोल वाजले तेव्हा आमचा आरव कान झाकून ओरडत होता. "मुलाला वळण लावा" हे याच ग्रुपवर आलं होतं. कोणी लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. शिक्का तेव्हाच बसला, कागद नंतर आला. ऑटिझमचं निदान झालं तेव्हा तो चार वर्षांचा होता. दोन वर्षांचा असताना कोणी २० प्रश्न विचारले असते तर स्पीच थेरपी तेव्हाच सुरू केली असती.

कुलकर्णी काका: तेव्हा माहीत नव्हतं. असो.

स्नेहल: प्राची, एम-चॅटमध्ये गुण जास्त आले, म्हणजे शंका निघाली तर?

प्राची: ते निदान नाही. ३ ते ७ आले तर आधी तेच प्रश्न खोलात विचारतात, त्यात बऱ्याच मुलांबद्दलची शंका मिटते. ८ किंवा जास्त असतील तर थेट तज्ज्ञांकडे. कानाची तपासणीही करून घे. आणि निदानाच्या कागदाची वाट बघत थेरपी अडवू नकोस. आपल्या खारघरमध्येच राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे चौकशी कर.

वैशाली: रविवारी क्लबहाऊसमध्ये बसून यादी भरूया का? ज्यांना हवं त्यांनी या.

सेक्रेटरी: क्लबहाऊसला ५०० रुपये भाडं आणि अर्ज लागेल. नियम सर्वांना सारखा.

वैशाली: मग माझ्या घरी. ए-२०१, अकरा वाजता.