शेवर्दनाद्झे: वेळेवर दिलेला राजीनामा की वेळेवर काढलेला पळ?

अनवट:

परवा मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, सरकारात राहून सुधारणा करणारा माणूस म्हणजे पगार चालू ठेवून बंड करणारा. मी एदुआर्द शेवर्दनाद्झेंचं नाव घेतलं, तर तो हसलाच. "तो? अहो, तो तर कोलांटउड्यांचा बादशहा!" म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना हे नाव आता आठवत नसेल त्यांच्यासाठी: जुलै १९८५ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांनी ग्रोमिकोंना हलवलं. ग्रोमिको २८ वर्षं सोव्हिएत परराष्ट्रमंत्री होते, 'नाही' म्हणण्यासाठी जगप्रसिद्ध. त्यांच्या जागी आला सोव्हिएत संघातल्या जॉर्जियाचा पक्षप्रमुख, हेच शेवर्दनाद्झे. या गृहस्थांनी मुत्सद्देगिरीत एक दिवस काढलेला नव्हता. पण पुढच्या साडेपाच वर्षांत मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला (१९८७), अफगाणिस्तानातून फौजा निघाल्या (फेब्रुवारी १९८९), पूर्व युरोपातली सरकारं पडत असताना रणगाडे बराकीतच राहिले आणि जर्मनी एक झाली. त्यांनी ऑक्टोबर १९८९ मध्ये सर्वोच्च सोव्हिएतसमोर (म्हणजे संसदेसमोर) उभं राहून सांगितलं, की क्रास्नोयार्स्कचं रडार हा अमेरिकेबरोबरच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरच्या (एबीएम) कराराचा भंग होता आणि अफगाणिस्तानात शिरणंही नियमांना सोडून होतं. स्वतःच्याच देशाची लबाडी भर सभागृहात कबूल करणारे परराष्ट्रमंत्री मोजायला एका हाताची बोटं पुष्कळ झाली.

आणि मग २० डिसेंबर १९९०. गोर्बाचेव यांना आधी कल्पना न देता ते व्यासपीठावर गेले. लोकशाहीवाद्यांना म्हणाले, तुम्ही पांगलात, सुधारक झुडपात शिरले, हुकूमशाही येते आहे. आणि राजीनामा दिला. महिन्याभरात लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये रणगाडे लोकांवर गेले, १४ माणसं मेली. आठ महिन्यांत मॉस्कोत बंड झालं. माझं मत सरळ आहे: करार वगैरे गोर्बाचेव यांच्या खात्यावर टाका हवे तर, पण हा राजीनामा त्यांचा एकट्याचा. खुर्चीवरून उठून धोक्याची घंटा वाजवणारा मुत्सद्दी विरळा.

चकवा:

असहमत. घंटा वाजवली आणि स्वतः देवळातून बाहेर पडले!

तारखा नीट लावून बघा. राजीनाम्यानंतर एका आठवड्याने, २७ डिसेंबरला, उपराष्ट्राध्यक्षपदी गेन्नादी यानायेव यांची निवड झाली. गोर्बाचेव यांनी नंतर जाहीरच सांगितलं, की त्या पदासाठी आपल्या मनात शेवर्दनाद्झे होते. हेच यानायेव ऑगस्ट १९९१ मध्ये थरथरत्या हातांनी पत्रकार परिषदेत बसले आणि म्हणाले, अध्यक्ष आजारी आहेत, कारभार मी पाहतो. बंडाला कायद्याचं जे पातळ पांघरूण मिळालं ते याच पदामुळे. त्या खुर्चीत शेवर्दनाद्झे असते तर कटवाल्यांनी कोणाची सही घेतली असती?

सुधारक झुडपात शिरले म्हणता ना? मग तुम्ही कुठल्या झुडपात गेलात?

गोलघुमट:

खुर्ची टाकून बसलोय. पॉपकॉर्न आणतो.

अनवट:

चकवाभाऊ, मुद्दा झकास आहे, पण त्यात एक भोक आहे. ऑगस्टात गोर्बाचेव यांनाच क्रिमियातल्या फोरोसच्या बंगल्यात फोन तोडून कोंडलं. ज्यांनी अध्यक्षाला कोंडलं ते उपाध्यक्षाला हार घालणार होते? शेजारच्या खोलीत डांबला असता, एवढंच.

आणि राजीनामा काही रागाच्या भरात आलेला नाही. एप्रिल १९८९ आठवा. तिबिलिसीत, त्यांच्याच जॉर्जियाच्या राजधानीत, निदर्शकांवर लष्कर सोडलं. खोदायची फावडी आणि विषारी वायू. वीसेक माणसं गेली, त्यात बहुतेक बाया. परराष्ट्रमंत्री असून तिथे जाऊन रडणाऱ्यांच्या घरी बसावं लागलं त्यांना. हुकूमशाहीचा वास त्यांना पुस्तकातून आलेला नव्हता.

अण्णा_सोलापूरकर:

तुम्ही दोघंही राजीनाम्यात अडकलात. माझा आक्षेप त्याआधीच्या साडेपाच वर्षांवर आहे.

आम्ही सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं वह्यांना घालून शाळेत गेलो, त्यामुळे थोडा हळवा आहे हे मान्य. तरी हिशोब हिशोब आहे. क्षेपणास्त्र करार ५०० किलोमीटरच्या वरच्या पल्ल्यासाठी होता. ओका नावाचं सोव्हिएत क्षेपणास्त्र ४०० किलोमीटरचं. तेही देऊन टाकलं! एकूण २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली, त्यात सोव्हिएत १,८४६ आणि अमेरिकन ८४६. त्यांचे सेनापती दातओठ खात होते ते उगाच नाही.

जर्मनीचं तर बोलायलाच नको. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर तोंडी म्हणाले, नाटो पूर्वेला इंचभरही सरकणार नाही. हे कागदावर कोण घेणार होतं? परराष्ट्रमंत्र्याचं काम तेच ना? आमच्याकडे शेताच्या बांधाचा वादसुद्धा तलाठ्याकडे नोंद केल्याशिवाय कुणी मिटला असं मानत नाही. इथे अर्ध्या युरोपाचा बांध तोंडी!

रानजाई:

अण्णा, तलाठ्याची उपमा आवडली, पण सातबारा तुमच्या नावावर असला आणि घरात दाणा नसला, तर खरेदीखत सावकार सांगेल तसं होतं.

मे १९९० मध्ये शेवर्दनाद्झेंना पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल यांच्याकडे कर्जाची गोष्ट काढावी लागली. तिजोरी रिकामी, दुकानं रिकामी. जर्मन सरकारने पाच अब्ज मार्कांच्या कर्जाला हमी दिली. सप्टेंबरात फौजा परत न्यायच्या खर्चापोटी आणखी १२ अब्ज मार्क आणि वर तीन अब्जांचं बिनव्याजी कर्ज. ज्याला उसनं मागायचंय त्याने सावकाराला अटी घालायच्या, हे कागदावर छान दिसतं. पूर्व जर्मनीत साडेतीन लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक होते हे खरं. पण त्यांचा एकच उपयोग उरला होता, लोकांवर बंदुका रोखणं. तो पर्याय त्यांनी टाकला.

शिवाय १२ सप्टेंबरच्या मॉस्को करारात कागदावर काहीच नाही असं नाही. पूर्व जर्मनीच्या भूमीवर परकी फौजा आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत हे लिहिलेलं आहे. पोलंड, हंगेरीबद्दल काही नाही. तेव्हा वॉर्सा करार (सोव्हिएत गटाचा लष्करी करार) अजून जिवंत होता, कागदोपत्री का होईना. आपल्याच मित्रांबद्दल 'ते उद्या पलीकडे गेले तर' असं कलम मागणार कसं?

अण्णा_सोलापूरकर:

मागायचं होतं. चांगला वकील हेच करतो. पुढचं भांडण आज लिहून ठेवतो.

तिरशिंग:

सगळे मॉस्कोपासून सुरुवात करताय. मी तिबिलिसीपासून करतो.

हे 'सुधारक' १९६० च्या दशकापासून जॉर्जियाचं पोलीस खातं सांभाळत होते. १९७२ साली पक्षप्रमुख झाले ते भ्रष्टाचार झाडून काढणारे म्हणून. एक किस्सा सांगतात: बैठकीत ते म्हणाले, ठरावाला मत डाव्या हाताने द्या. हात वर गेले आणि मनगटांवरची परदेशी घड्याळं दिसली. किस्सा मजेशीर आहे, पण त्याच काळात तुरुंगही भरत होते. सरकारविरोधी नेते झ्वियाद गमसाखुर्दिया १९७७ मध्ये आत गेले ते यांच्याच राज्यात. जॉर्जियासाठी सूर्य पूर्वेला नाही, उत्तरेला उगवतो, असं यांनी पक्षाच्या अधिवेशनात १९७६ साली म्हटलंय. उत्तरेला म्हणजे मॉस्कोला. असली लाळघोटी आपल्याकडच्या संस्थानिकांनी रेसिडेंटसाहेबापुढे केली नसेल!

नोव्हेंबर १९८३ मध्ये काही तरुणांनी विमान पळवायचा प्रयत्न केला. पकडले गेलेल्यांपैकी चौघांना मृत्युदंड झाला, आणि त्यांच्यात विमानात नसलेला एक धर्मगुरूही होता. हे दोन वर्षांनंतरच्या 'मुत्सद्द्या'च्या राज्यात झालं.

अनवट:

या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. विमान पळवणाऱ्यांनी माणसं मारली होती हे खरं, पण त्या धर्मगुरूच्या शिक्षेचं समर्थन करता येत नाही आणि करणारही नाही.

पण तिरशिंगराव, १४ एप्रिल १९७८ तुम्ही गाळलात. नव्या घटनेतून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढायचं ठरलं, तेव्हा हजारो विद्यार्थी तिबिलिसीच्या रस्त्यावर आले. त्याच शहरात १९५६ साली गोळीबार होऊन माणसं मेलेली, सगळ्यांना आठवत होतं. पक्षप्रमुख शेवर्दनाद्झे जमावासमोर गेले आणि मॉस्कोशी बोलून कलम शाबूत ठेवलं. गोळी सुटली नाही. आज तो दिवस जॉर्जियात मातृभाषा दिन आहे. हुतात्मा चौकावरून रोज जाणाऱ्या माणसाला यात काय आहे ते वेगळं सांगायला नको. पुढे अबुलाद्झेंचा स्टालिनशाहीवरचा 'पश्चात्ताप' हा चित्रपट तयार झाला तोही यांच्याच आडोशाने.

लाळघोटं वाक्य उत्तरेला आणि काम घरच्यांचं. मुत्सद्देगिरी तिथेच शिकले असावेत.

चकवा:

मुत्सद्देगिरी शिकले की दोन तोंडांनी बोलायला शिकले?

अफगाणिस्तानचं श्रेय तुम्ही सुरुवातीलाच वाटून टाकलंत. जानेवारी १९८९ मध्ये, फौजा निघायला महिना उरला असताना, काही हजार सैनिक मागे ठेवा असा आग्रह धरणारे हेच होते. काबूलचे सोव्हिएतधार्जिणे राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लांना शब्द दिला होता म्हणून. गोर्बाचेव यांचे सल्लागार चेर्न्यायेव यावर भडकले होते. माघारीच्या ऐन तोंडावर काबूलच्या उत्तरेला सालांग घाटाच्या परिसरात बॉम्बफेक झाली, त्यात गावकरी मेले.

रानजाई:

हो, ते खरं आहे. पण ज्याला शब्द दिला त्याला वाऱ्यावर सोडू नये असं वाटणं हेही मुत्सद्द्याच्याच धर्मात बसतं. नजीबुल्लांचं १९९६ मध्ये काय झालं ते काबूलच्या चौकात सगळ्यांनी पाहिलं.

मीठभाकर:

मी फारसं लिहीत नाही, वाचतो. पण माझी मुलगी तिबिलिसीत एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे (आपल्याकडची पुष्कळ मुलं आहेत तिथे), म्हणून दोन शब्द.

तिची घरमालकीण सुखुमीची, म्हणजे जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या अबखाझियाच्या राजधानीची. बाईंना शीतयुद्ध, जर्मनी, बेकर काही ऐकायचं नसतं. ऑगस्ट १९९२ मध्ये जॉर्जियाच्या फौजा अबखाझियात शिरल्या, तेव्हा देशाचे प्रमुख शेवर्दनाद्झे होते. सप्टेंबर १९९३ मध्ये सुखुमी पडलं. ते स्वतः शेवटपर्यंत तिथे होते, गोळ्या खात नाही पण गोळ्यांमध्ये. हे बाईही मान्य करतात. पण दोन लाखांवर जॉर्जियन घरं सोडून निघाले, डोंगरातून चालत, आणि त्यात त्यांची आई होती. नंतरची कित्येक वर्षं घरात वीज नाही, रॉकेलची शेगडी, आणि सत्ताधाऱ्यांचे सगेसोयरे गब्बर. बाईंच्या मते हा माणूस दुसऱ्यांचे देश सोडवत होता आणि स्वतःचा त्याला सांभाळता आला नाही.

(अवांतर: राणी केतेवानचे अवशेष जुन्या गोव्यात सापडले आणि २०२१ मध्ये जॉर्जियाला दिले, हे त्या बाईंना ठाऊक आहे. मुलगी नागपूरची असूनही तिला गोव्याची समजून जास्त लोणी वाढतात.)

तिरशिंग:

मीठभाकर, हाच खरा प्रतिसाद. आणि पुढचं मी सांगतो. २ नोव्हेंबर २००३ ची निवडणूक. हुकूमशाही येतेय म्हणून रडलेल्या माणसाच्या राज्यात मतं चोरली गेली. त्याआधी जुलैमध्ये निवडणुका सरळ घ्या हे सांगायला वॉशिंग्टनहून कोण आलं होतं? जेम्स बेकर! ज्यांच्याबरोबर इराकच्या कुवेतवरच्या आक्रमणाचा निषेध मॉस्कोच्या विमानतळावर वाचून दाखवला, तेच. ऐकलं का? नाही.

अनवट:

नाही ऐकलं. पण २२ नोव्हेंबरला विरोधी नेते साकाश्विली गुलाब घेऊन संसदेत घुसले, अंगरक्षकांनी शेवर्दनाद्झेंना मागच्या दाराने नेलं, त्यांचा अर्धवट चहा साकाश्विलींनी पिऊन टाकला. शेवर्दनाद्झेंनी आणीबाणी पुकारली, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. एकही गोळी नाही. विरोधात उभे राहिलेले साकाश्विली आणि झ्वानिया दोघंही त्यांनीच वर आणलेले होते. जर्मनीत या म्हणून आमंत्रण होतं, गेले नाहीत. २०१४ मध्ये वारले ते तिबिलिसीतच, ज्यांनी त्यांना हाकललं त्या लोकांत.

म्हणजे माझा मूळ दावा थोडा आवरतो. माणूस साधुसंत नव्हता, शेवटी शेवटी तर नव्हताच. पण दोन्ही वेळा रक्त सांडण्याआधी उठला.

तिरशिंग:

अबखाझियात कुणाचं रक्त सांडलं मग? दोन उठण्यांच्या मधली तेरा वर्षं गाळता येत नाहीत.

अण्णा_सोलापूरकर:

आणि मला अजून ओकाचा हिशोब कुणी दिलेला नाही.

गोलघुमट:

पॉपकॉर्न संपले. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत जेवून येतो.

चकवा:

जा, पण उपराष्ट्राध्यक्षपदाच्या मुद्द्याला 'शेजारच्या खोलीत डांबलं असतं' हे उत्तर नव्हे. फोरोसच्या बाहेर, मॉस्कोत, कायद्याने अधिकार असलेला एक माणूस त्या दिवशी हवा होता. तिथे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन होते, टँकवर चढून. शेवर्दनाद्झे येल्त्सिन यांच्या बाजूला येऊन उभे राहिले, साधा नागरिक म्हणून. शूरपणा आहेच. पण त्यांच्या हातात शिक्का असता तर?

अनवट:

उद्या लिहितो. याचं उत्तर चहा पिऊनच द्यावं लागेल, आणि चहा आमच्या घरी संपलाय.