मदत हवी आहे: गर्ल स्काउट्स – ब्राँझ राहिलं तर पुढे अडतं का?

नमस्कार मंडळी,

ज्यांच्या मुली अमेरिकेत गर्ल स्काउट्समध्ये (आपल्याकडच्या गाईडसारखी मुलींची संघटना) आहेत किंवा होत्या, त्यांना विचारायचं आहे. आम्ही डिसेंबरात पुण्याहून न्यू जर्सीला आलो. थोरली अकरा वर्षांची, पाचवीत आहे, धाकटी पहिलीत. थोरली मैत्रिणींच्या नादाने जानेवारीत ट्रूपमध्ये (म्हणजे त्यांच्या पथकात) गेली आणि रमली. धाकटीला अजून घातलेलं नाही.

इथल्या पायऱ्या मला समजल्या त्या अशा: केजी-पहिली डेझी, दुसरी-तिसरी ब्राउनी, चौथी-पाचवी ज्युनियर, सहावी ते आठवी कॅडेट, नववी-दहावी सीनियर, अकरावी-बारावी अँबॅसेडर. म्हणजे सहावीत गेली की थोरली कॅडेट होणार.

घोळ पुढे आहे. ज्युनियरमध्ये समाजोपयोगी प्रकल्प केल्याबद्दल ब्राँझ अवॉर्ड असतं, ते तिच्या ट्रूपने ही यायच्या आधीच, दिवाळीच्या सुमारास उरकलं. बाकीच्या मुलींच्या हिरव्या व्हेस्टवर ती पिन आहे, हिच्या व्हेस्टवर कुकी विकल्याचा एक पॅच आणि तीन बॅज. लीडर म्हणतात, "हवं तर उन्हाळ्यात कर, नाहीतर सोडून दे, काही बिघडत नाही." मला हे 'काही बिघडत नाही' पचत नाहीये. मी सांगलीला शाळेत असताना आधी बुलबुल, मग गाईड होते. कोमल पंख, रजत पंख करत वर जायचं. गाईडमध्ये प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार. खालचा सोपान झाला नाही तर वरच्याला कोणी बसूच देत नसे. आमच्या गाईडबाई गाठी सुद्धा पुन्हा पुन्हा मारून घ्यायच्या.

तर प्रश्न:
ब्राँझशिवाय पुढे सिल्व्हर आणि गोल्ड करता येतं का?
अकरा वर्षांची आहे म्हणून आत्ताच कॅडेटमध्ये टाकतील का? तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणी अजून दहाच्या आहेत.
आणि धाकटीसाठी आत्ता डेझीत नाव घालावं की दुसरीत गेल्यावर थेट ब्राउनीत?

नवरा म्हणतो उन्हाळ्यात भारतात जाऊ, अवॉर्ड-बिवॉर्ड राहू दे. लेक रुसून बसली आहे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:
ताई, सोपान डोक्यातून काढा. इथे प्रत्येक पायरीचं अवॉर्ड स्वतंत्र आहे. ब्राँझ ज्युनियरचं, सिल्व्हर कॅडेटचं, गोल्ड सीनियर आणि अँबॅसेडरचं. ब्राँझ नसलेल्या मुली सिल्व्हर करतात, दोन्ही नसलेल्या गोल्डही करतात. माझी पुतणी थेट नववीत शिरली आणि गोल्ड करून बाहेर पडली. वयाचंही टेन्शन नको, लेव्हल इयत्तेवर ठरते.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण मुलीला हवं असेल तर हातचं सोडू नका. ब्राँझला साधारण २० तासांचं काम धरतात, सिल्व्हरला ५० आणि गोल्डला ८०. २० तास म्हणजे फार नाही. फक्त आमच्या वेळी आधी ज्युनियरची एक 'जर्नी' (एका विषयावरची उपक्रमांची मालिका) पूर्ण असावी लागायची, तिची झाली आहे का ते बघा. मुदतही असते, सहावीचं वर्ष सुरू झालं की ज्युनियरचं दार बंद. नेमकी तारीख ट्रूप लीडरला नव्हे, काउन्सिलला (तुमच्या भागातल्या सगळ्या ट्रूप्सचं वरचं कार्यालय) विचारा. ब्राँझ हे मुळात गटाने करायचं काम आहे, त्यामुळे शेजारच्या ट्रूपमध्ये कोणाचं राहिलं असेल तर हिला जोडून घेतील.
आणि बॅज इस्त्रीने चिकटवू नका. दुसऱ्या धुण्याला सुटतात. सरळ सुई-दोरा घ्या.

प्रतिसाद:
धाकटीला आत्ताच घाला. डेझीत पाकळ्या मिळवायच्या असतात, एकेक पाकळी व्हेस्टवर लागली की मुली हरखून जातात. ब्राउनीत जाताना छोटा ब्रिजिंगचा कार्यक्रम करतात, पहिलीची मुलगी तो वर्षभर मिरवते. सदस्यत्वाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं, तेवढं पैसे भरताना लक्षात असू द्या.
अवांतर: कुकीविक्री म्हणजे आपली खरी कमाईच, फक्त बूटपॉलिशऐवजी थिन मिंट्सची बिस्किटं. सुपरमार्केटच्या दारात थंडीत उभं राहायची तयारी ठेवा. पोरी मजेत असतात, गारठतो आपण.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. जर्नी अर्धी झाली आहे असं आत्ता लेकीकडून कळलं. काउन्सिलला मेल टाकली आहे. ब्राँझसाठी तिला कल्पनाही सुचली आहे: इमारतीत नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी शाळेच्या बसपासून लायब्ररी कार्डापर्यंत सगळी माहिती देणारी चित्रांची पुस्तिका. मराठी, हिंदी, तेलुगू आणि स्पॅनिशमध्ये. आता स्पॅनिश येणारी जोडीदारीण शोधतोय. भारतात जुलैऐवजी ऑगस्टमध्ये जाऊ, नवरा कुरकुरत का होईना तयार झाला.
एक नवीन भानगड: धाकटीची चौकशी करायला गेले तर डेझी ट्रूपला लीडर कमी आहे म्हणाल्या आणि माझ्याकडेच बघायला लागल्या. मी आणि नवरा मिळून चालेल का?

प्रतिसाद:
दोघंच असाल तर नाही चालणार. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोन मोठ्या व्यक्ती लागतात, त्यातली एक बाई हवीच, आणि दोघांचीही पार्श्वभूमी तपासली जाते. दुसरी आई पकडा. माजी गाईड आहात म्हटल्यावर तुम्हाला त्या आता सोडणार नाहीत!