फुगाझीने पुन्हा एकत्र येऊ नये

वेताळटेकडी
परवा एका मित्राने पुन्हा तोच प्रश्न काढला: फुगाझी परत कधी? ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. वॉशिंग्टन डीसीचा हा पंक बँड पहिल्यांदा 1987 च्या सप्टेंबरमध्ये वाजला आणि शेवटचा 4 नोव्हेंबर 2002 ला, लंडनमध्ये. मोडलो असं ते कधी म्हणाले नाहीत, थांबलोय एवढंच म्हणाले. तेव्हापासून जगभरचे लोक वाट बघतायत.

माझं मत स्पष्ट आहे. त्यांनी येऊ नये.

फुगाझीचा गायक-गिटारवादक इयन मकाय शाळकरी वयात टीन आयडल्स या बँडमध्ये होता. 1980 मध्ये तो बँड मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सहाशेच्या आसपास डॉलर गाठीशी होते. ते वाटून घेण्याऐवजी मुलांनी स्वतःची तबकडी काढली. कव्हर कसं बनतं ते कळावं म्हणून एक तयार कव्हर उलगडून पाहिलं, आणि मग आपली कव्हरं हातांनी कापून, दुमडून, चिकटवली. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही त्यांची तबकड्या काढणारी कंपनी जन्माला आली ती अशी. त्यानंतर मकायचा पुढचा बँड मायनर थ्रेट, तीन वर्षांत संपलेला. मग एम्ब्रेस. त्याच शहरात फुगाझीतले बाकीचे तिघंही होते: गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडमध्ये वाजवत होते. जो लॅली बीफईटर या बँडबरोबर सामान वाहायला फिरायचा. फुगाझी या सगळ्यातून उभा राहिला. म्हणजे बँड संपवणं आणि पुढे जाणं या माणसांना पहिल्यापासून जमत होतं. मायनर थ्रेटची नावाजलेली गाणी मकायने फुगाझीत वाजवली नाहीत. लोक ओरडून फर्माइश करायचे, तरी नाही.

तिकीट शक्यतो 5 डॉलर. कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश. मॅनेजर नाही, कार्यक्रम ठरवायचं काम मकाय स्वतः करायचा. टी-शर्ट विकले नाहीत. पंधरा वर्षांत हजारावर कार्यक्रम झाले, सहा अल्बम आले, आणि शेवटचा अल्बम सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. तिथे ते थांबले, कारण घरी मुलं होती, आईवडील म्हातारे होत होते, आणि अर्धवट वेळ देऊन हा बँड चालवायचा नव्हता. आज परत आले तर मोठं मैदान, महाग तिकीट आणि 1990 ची गाणी, याशिवाय काय होणार?

दादर_पश्चिम
मला फुगाझी आवडतो. पण या भक्तिभावाचा त्रास होतो, म्हणून लिहितोय.

मकायचे वडील वॉशिंग्टन पोस्टमध्ये पत्रकार होते. मुलं देशाच्या राजधानीत राहत होती, डोक्यावर छप्पर होतं. सहाशे डॉलर न वाटता बाजूला ठेवणं त्या पोरांना परवडलं. ज्याच्या घरी पहिल्या पगाराची वाट बघत असतात तो मुलगा वाटा मागेल, आणि त्यात काही चूक नाही. ऐपत होती म्हणून निभावलं, त्याला आपण चारित्र्य म्हणतोय.

दुसरं. डिस्कॉर्डवरच्याच जॉबॉक्स या बँडने अटलांटिक या मोठ्या कंपनीशी करार केला आणि 1994 मध्ये तिथून अल्बम काढला. तो अल्बम उत्तम आहे. पुढे त्याचे हक्क बँडकडे परत आले आणि 2009 मध्ये तोच अल्बम डिस्कॉर्डच्या नावासह पुन्हा निघाला. म्हणजे खुद्द डिस्कॉर्डवाल्यांनी त्यांना वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकतो ते आपण, लांब बसून.

वेताळटेकडी
जॉबॉक्सचं मान्य, मी त्यांना नावं ठेवलेली नाहीत.

ऐपतीचं मात्र अर्धंच पटतं. मकाय आइस्क्रीमच्या दुकानात काम करायचा, ही मुलं काही बसून खात नव्हती. आणि सुखवस्तू घरातली मुलं प्रत्येक शहरात असतात. त्यातल्या किती जणांनी चाळीस वर्षं आपल्याच शहरातल्या बँडच्या तबकड्या काढायच्या एवढं एकच काम धरून ठेवलं? छप्पर घरच्यांनी दिलं असेल, चाळीस वर्षं कुणी दिली नाहीत.

तिरकिट
मी पुण्यात ड्रम वाजवतो, नऊ वर्षं झाली. तत्त्वाचं बाजूला ठेवून हिशेबाचं बोलतो.

5 डॉलरचं तिकीट चालतं कधी? समोर हजार माणसं असतात तेव्हा. हजार गुणिले पाच म्हणजे पाच हजार डॉलर. त्यातून हॉल, साउंड, पेट्रोल काढा, चार माणसं ओळखीच्यांच्या घरी जमिनीवर झोपली तर उरतं. आमच्यासमोर साठ माणसं असतात. दीडशे रुपये तिकीट लावलं तर नऊ हजार. साउंडवाला, अँप आणि ड्रमचं भाडं, टेम्पो. संपले. गेल्या वर्षी एका जागेच्या मालकाने तिकिटाचे पैसे आपल्या खात्यात घेतले आणि आजतागायत दिले नाहीत. आमच्याकडे लेखी काहीच नव्हतं. साउंडवाल्याला मी पगारातून दिले.

अशा वेळी कुणी फुगाझीचं उदाहरण तोंडावर मारतो तेव्हा वाईट वाटतं. स्वस्त तिकिटामुळे ते मोठे झाले नाहीत. आधी गर्दी जमली, मग स्वस्त तिकीट परवडलं.

वेताळटेकडी
तुमचे पैसे बुडाले ते वाचून खरंच वाईट वाटलं. पण क्रम उलटा लावताय असं मला वाटतं. अमेरिकेत दारू मिळते त्या क्लबात कमी वयाच्या मुलांना घेत नाहीत. 1980 मध्ये टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने त्यांच्या हातावर काळी फुली मारून त्यांना आत सोडलं, फुली असेल त्याला दारू द्यायची नाही. ही युक्ती त्यांनी डीसीत आणली आणि तिथल्या क्लबला पटवली. म्हणजे गर्दी आपोआप जमली नव्हती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आत कसं घ्यायचं याचा विचार आधी झाला, आणि तीच मुलं पुढे हजार झाली.

रुई
तुम्ही सगळे तिकिटावरच अडकलात. माझा मुद्दा दाराच्या आत काय घडायचं त्याचा आहे.

ऐंशीच्या दशकात हार्डकोरच्या, म्हणजे पंकच्याच जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकाराच्या, कार्यक्रमांत स्टेजपुढे इतकी मारामारी व्हायची की मुली मागे, भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. डीसीत 1985 च्या उन्हाळ्यात यावर सरळ प्रतिक्रिया उमटली. त्या उन्हाळ्याला ‘रेव्होल्यूशन समर’ हे नाव दिलं ते डिस्कॉर्डमध्ये काम करणाऱ्या एमी पिकरिंगने. फुगाझीने तेच पुढे नेलं. कुणी धक्काबुक्की करायला लागला की गाणं थांबायचं. आधी सांगून बघायचे, तरी ऐकलं नाही तर पाकिटातून 5 डॉलर परत द्यायचे आणि बाहेर काढायचे. मी कॉलेजात असताना एका रॉक शोमधून रडत घरी आले होते. स्टेजवरच्या चौघांनीही पाहिलं होतं, एकानेही वाजवणं थांबवलं नाही. गाणं मध्येच तोडायला काय लागतं ते मला तेव्हा कळलं, म्हणून तिकिटापेक्षा मी यालाच जास्त मानते.

तरी एक टोचतं. रस्त्यात होणाऱ्या छेडछाडीवरचं त्यांचं गाणं मकाय बाईच्या तोंडून गातो, ‘मी’ म्हणून. हेतूबद्दल शंका नाही. पण चार पुरुषांचा बँड आणि आमचं दुःख प्रथमपुरुषात, हे मला अजून पूर्ण पचलेलं नाही.

पोटोमॅक
रुईताई, काही कार्यक्रमांत ते गाणं एमी पिकरिंग स्वतः येऊन गायची. तुमचा आक्षेप त्याने मिटत नाही, पण नोंद असावी.

मी तीस वर्षं व्हर्जिनियात आहे. मूळचा सांगलीचा, पंकशी काडीचा संबंध नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळ्यात ऑफिसमधल्या सहकाऱ्याने डीसीतल्या फोर्ट रीनो पार्कात नेलं. उघडं मैदान, एका बाजूला छोटा मंच, तिकीट नाही. लोक पोरंबाळं आणि सतरंज्या घेऊन आलेले. मला आपल्याकडच्या जत्रेतल्या तमाशाच्या फडाची आठवण झाली. फुगाझी वाजायला लागले तेव्हा पहिली दहा मिनिटं नुसता गोंगाट वाटला. मग लक्षात आलं की दोन गिटारी एकमेकींना जागा करून देतायत, आणि गाणं खरं बास ओढत नेतोय. घरी येताना डोक्यात बासच होता.

आपल्या शहरातले त्यांचे कार्यक्रम एक तर फुकट असायचे, नाही तर कुठल्या तरी कामाच्या मदतीसाठी किंवा निषेधासाठी. 1991 च्या जानेवारीत, आखाती युद्ध तोंडावर असताना, ते व्हाइट हाउससमोरच्या बागेत कडाक्याच्या थंडीत वाजले. त्याआधी डिसेंबरात लॉर्टनच्या तुरुंगात वाजले होते. हे सगळं मी नंतर वाचलं.

म्हणून वेताळटेकडी, तुमच्याशी माझं जमत नाही. महाग तिकिटाचं मैदान ही तुम्ही स्वतः रंगवलेली भीती आहे. फोर्ट रीनोत एका संध्याकाळी वाजवायला त्यांना कोण अडवतंय? माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, बास शिकते. तिने ते का ऐकू नये?

वेताळटेकडी
फोर्ट रीनोचा विचार मी केला नव्हता, हे कबूल.

पण तुमच्या मुलीला ऐकायला मिळू शकतं, आणि म्हातारपणीची नक्कल नाही, तेव्हाचंच. त्यांच्या साउंडवाल्यांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम टेपवर घेतले होते. 2011 पासून त्यातले आठशेवर कार्यक्रम एकेक करून लोकांसाठी खुले केले गेले. सुचवलेली किंमत पुन्हा 5 डॉलरच, पण 1 डॉलर दिला तरी चालेल. चुका, तुटलेल्या तारा, मध्येच थांबवलेली गाणी, सगळं त्यात आहे. पहिल्या महिन्यांतल्या टेपा ऐका. पिचोटोकडे तेव्हा गिटार नाही, तो नुसता गातो आणि नाचतो. मग 1990 चा ‘रिपीटर’ हा अल्बम येतो, त्याच्या हातात गिटार असते, आणि गाणी चौघांच्या खेचाखेचीतून बनायला लागतात.

आणि माणसं तर वाजवतच आहेत. लॅली आणि कँटी मेस्थेटिक्स या बँडमध्ये आहेत, 2024 चा त्यांचा अल्बम सॅक्सोफोनवादक जेम्स ब्रँडन लुइसबरोबर, इंपल्स या जॅझच्या कंपनीतून आला. मकायने बायको एमी फरीनाबरोबर आधी ईव्हन्स हा बँड केला, मग लॅलीला घेऊन कोरिकी. चौघांपैकी तिघं आजच्या वयाचं संगीत करतायत. त्यांना 1990 मध्ये परत ओढायचं कशाला?

दादर_पश्चिम
जॅझची कंपनी! इंपल्स हे एका अवाढव्य कंपनीच्या छत्राखालचं नाव आहे. माझ्या दृष्टीने लॅली-कँटीने योग्यच केलं. पण मग तुमच्या कसोटीचं काय? फुगाझीने केलं असतं तर चाललं असतं का?

वेताळटेकडी
नसतं चाललं. आणि का नसतं, याचं नीट उत्तर आत्ता माझ्याकडे नाही.

तिरकिट
हातावरच्या फुलीचं माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमच्याकडे येणारी साठ माणसं सगळी तिशीतली आहेत, कारण आम्ही वाजवतो तिथे बार आहे. आमच्या बासिस्टच्या सोसायटीचा हॉल रविवारी दुपारी रिकामा असतो. भाडं कमी आहे, फक्त नऊच्या आत आवाज बंद करावा लागतो. सेक्रेटरींना उद्या भेटतोय. साउंडवाल्याचे पैसे कुठून येणार ते अजून कळलेलं नाही. कुणी असा कार्यक्रम केला असेल तर खर्चाचे आकडे इथे लिहा.