घोटा मुरगळून सहा दिवस झाले, एक्स-रे काढू का?

भटक्या_राजा:
मंडळी, गेल्या रविवारी राजगडावरून चोरदरवाज्याच्या वाटेने गुंजवण्याला उतरलो. कातळटप्पा व्यवस्थित उतरलो आणि खाली, जवळजवळ सपाटीवर, मुरमावरून डावा पाय आत वळला. (ग्रुपवर अजून हसतायत.) लंगडत गाडीपर्यंत आलो. रात्री सुजेत घोट्याचं हाडच दिसेना. आता सूज बरीच उतरलीय, पण काळंनिळं पार बोटांपर्यंत पसरलंय. आई आंबेहळद-तुरटीचा लेप घालतेय. शेजारचे काका म्हणतात त्यांच्या ओळखीचा मालिशवाला 'शीर बसवून' देतो. एक्स-रे काढावा का? आधी हाडांचे डॉक्टर गाठू की थेट फिजिओ?

शेवंती:
मालिशवाला नको म्हणजे नको. माझ्या भावाचा पाय असाच एकाने ओढून चोळला. आतलं हाड आधीच तडकलेलं होतं, महिन्याचे अडीच महिने झाले.

गोगलगाय:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय न बघता निदान करणार नाही, पण एक्स-रेचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवता येतो. कॅनडात १९९२ साली ओटावा नियम तयार झाले, ते याचसाठी. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर (खालची साधारण ६ सेंटीमीटर) बोटाने दाबा. हाडावरच दाबा, पुढच्या मऊ भागावर नको, तिथे दुखणारच. मग करंगळीवरून पायाच्या बाहेरच्या कडेने मागे या. साधारण मध्यावर एक उंचवटा लागेल, तो दाबा. तसाच आतल्या कडेला, कमानीच्या वर असलेला उंचवटाही. यातलं काहीही कळवळून दुखलं, किंवा मार लागल्यालागल्या आणि आताही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. मधुमेहामुळे पायाला बधिरता असेल तर हे नियम धरू नका.

काळानिळेपणा बोटांकडे उतरतो तो गुरुत्वाकर्षणाने. त्याला घाबरू नका.

आईंना दुखवू नका, पण लेप गरम नको. पहिले दोन-तीन दिवस तर शेक बिलकुल नको.

भटक्या_राजा:
आत्ता दाबून बघितलं. घोट्याचं हाड ठीक. बाहेरच्या कडेचा तो उंचवटा मात्र... आईने स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं म्हणून.

गोगलगाय:
मग उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे. घोट्याबरोबर पायाचाही एक्स-रे सांगा. नुसता घोट्याचा काढला तर ते हाड कधीकधी नीट येत नाही.

माजी_चढाईवीर:
धागा वळवतोय, माफी असावी. ऑफिसच्या कबड्डीत चढाई करताना वळलो, गुडघ्यात 'टक्' झालं आणि तासाभरात भोपळा. तीन आठवडे झाले. सरळ चालताना काही नाही, पण जिना उतरताना वळलो की गुडघा निसटल्यासारखा होतो. एक्स-रे नॉर्मल. म्हणजे सुटलो ना?

गोगलगाय:
नाही हो. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारी दोरी) नाही. आवाज, तासा-दोन तासांत सूज (आत रक्त साचतं म्हणून एवढी लवकर) आणि वळताना निसटणं, ही एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, फाटल्याची ठरलेली गोष्ट आहे. गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली तर सूज बहुधा दुसऱ्या दिवशी येते आणि गुडघा मध्येच अडकतो. दोन्ही एकत्रही होतात. डॉक्टर गुडघा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, तिथेच पुष्कळ कळतं, मग एमआरआय. ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही. पण कबड्डीला परत उतरायचं असेल तर विषय वेगळा, आणि ऑपरेशननंतर मैदानावर जायला नऊ महिने तरी धरा. तोवर एकही चढाई नको. निसटणाऱ्या गुडघ्यावर खेळून गादीची वाट लावून आलेले खूप पाहिलेत.

माजी_चढाईवीर:
नऊ महिने! बायकोला तुमचा प्रतिसाद दाखवत नाही.

शेवंती:
दाखवा.

भटक्या_राजा:
अपडेट. करंगळीच्या मागच्या त्या हाडाला बारीकशी चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, पाय आत वळताना तिथला स्नायुबंध हाडाचा तुकडा ओढतो. ऑपरेशन नाही, कडक तळाचा बूट काही आठवडे, मग पुन्हा फोटो. काकांना एक्स-रे दाखवला. नीट बघून म्हणाले, "म्हणजे शीर नव्हती तर."

गोगलगाय:
छान. हाड जुळल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की दात घासताना त्या एका पायावर उभं राहायला लागा. आधी बेसिनला धरून, मग न धरता, मग डोळे मिटून, पण तेव्हा बेसिन हाताशी असू द्या. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हापुन्हा मुरगळतो, कारण तोल सांभाळायची त्याची जाण कमी झालेली असते आणि सूज गेली की लोक तिकडे बघतच नाहीत. जोडीला टाचा उचलणं. एका पायावर वीसेक वेळा सहज जमेपर्यंत राजगड लांबूनच बघा.

भटक्या_राजा:
एक पाय, दात घासताना. आईने आत्ताच सुरू केलंय.